इतिहासात एमए: पेडणे-डिचोलीच्या विद्यार्थ्यांसाठी खर्चाचा हिशेब

बीए झाल्यावर ‘इतिहासात एमए करतो’ म्हटले की घरातून दोन प्रश्न हमखास येतात: पैसे किती लागतील आणि पुढे काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींची उत्तरे आधी कागदावर मांडता येतात.

इतिहास वर्गाबाहेर, लोकांमध्ये नेण्याच्या कामाला हल्ली पब्लिक हिस्टरी म्हणतात. संग्रहालयाची मांडणी, जुन्या वास्तूचे जतन, गावकऱ्यांच्या आठवणींचे ध्वनिमुद्रण, वारसा-फेरी, माहितीपट हे सारे त्यात येते. या कामाकडे वळू पाहणाऱ्यांना माझा सल्ला एकच: पदवी घराजवळून घ्या आणि वाचलेला पैसा मोडी, पोर्तुगीज व गावातल्या प्रत्यक्ष कामात घाला.

याला कारण आहे. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. त्याआधी इथे सावंतवाडीकर भोसल्यांचा अंमल होता. त्यामुळे या दोन तालुक्यांचा इतिहास मोडीतही आहे आणि पोर्तुगीजमध्येही. दोन्ही वाचू शकणारे तरुण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतील. महागड्या विद्यापीठाच्या शिक्क्यापेक्षा हे कौशल्य तुम्हाला अधिक उपयोगी पडेल.

कुठे शिकायचे?

पहिला पर्याय ताळगाव पठारावरचे गोवा विद्यापीठ. इथले इतिहासाचे एमए दोन वर्षांचे असून प्रवेश जीयू-आर्ट या परीक्षेतून होतो. पदवीच्या शेवटच्या सत्रातच विद्यापीठाच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा, निकालाची वाट पाहत बसू नका.

नोकरी सांभाळून शिकायचे असेल तर इग्नू. तिचे प्रादेशिक केंद्र गोव्यातच आहे. रोजचा प्रवास वाचतो, पण ग्रंथालय, शिक्षकांशी चर्चा आणि सहाध्यायांची संगत कमी मिळते. शिवाय नियमित विद्यार्थ्यांसाठीच्या काही शिष्यवृत्त्यांना मुकावे लागते.

पुरातत्त्वाची ओढ असेल तर पुण्याचे डेक्कन कॉलेज. तिथे मात्र राहण्या-जेवण्याचा खर्च फीपेक्षा मोठा ठरतो. महिन्याला ११ हजार रुपये धरले तरी वर्षाच्या दहा महिन्यांचे १ लाख १० हजार होतात.

विर्नोड्याच्या संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालयात किंवा साखळीच्या सरकारी महाविद्यालयात अजून पदवी करत असाल, तर चौथ्या वर्षाचाही विचार करा. यूजीसीच्या २०२४ च्या आराखड्यात चार वर्षांची पदवी घेतलेल्यांना एका वर्षात एमए करण्याची मुभा आहे. विद्यापीठात तुमच्या विषयाला ही सोय लागू आहे का, हे तिसऱ्या वर्षातच विचारून घ्या. घराजवळच्या महाविद्यालयात चौथे वर्ष झाले तर ताळगावच्या प्रवासाचे एक वर्ष वाचते.

फी भरण्याआधी

विवरणपत्रिकेतला एकूण आकडा पाहून थांबू नका. शिकवणी, परीक्षा, ग्रंथालय, नोंदणी आणि अनामत हे रकाने वेगवेगळे पाहा. अनामत शेवटी परत मिळते, म्हणून तिची पावती दोन वर्षे जपून ठेवा. फी सत्रागणिक भरता येते का आणि प्रवेश रद्द केल्यास किती परत मिळते, हे लेखी घ्या.

प्रवासाचा खर्च

पेडणे आणि डिचोली दोन्हीकडून पणजी साधारण ३० किलोमीटर आणि पुढे ताळगाव पठार. जाऊन-येऊन ७० किलोमीटर धरा. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर देत असेल आणि पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर दिवसाला सुमारे १५५ रुपये लागतात. महिन्याचे वीस दिवस आणि वर्षाचे दहा महिने मोजले तर वर्षाला ३१ हजार, दोन वर्षांना ६२ हजार. सर्व्हिसिंग आणि टायर वेगळे.

कदंबाचा विद्यार्थी सवलतीचा पास काढला तर हा आकडा बराच खाली येतो. मात्र म्हापशाला किंवा पणजीला बस बदलण्यात वेळ मोडतो. विद्यापीठाच्या वसतिगृहासाठी प्रवेशाबरोबरच अर्ज करा. पणजी परिसरात भागीदारीत खोली घेऊन खाणेपिणे धरून महिन्याला ९ हजार गेले, तर वर्षाचे ९० हजार होतात. म्हणून पहिल्या सत्रात घरून ये-जा करा, खोलीचा निर्णय नंतर घ्या.

खरी गुंतवणूक इथे

मोडी: पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ आणि महाराष्ट्राचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालवतात. वर्णमाला काही आठवड्यांत येते. जुने हस्ताक्षर सराईतपणे वाचायला मात्र वर्षभराचा रोजचा सराव लागतो.

पोर्तुगीज: गोवा विद्यापीठात या भाषेचा स्वतंत्र अभ्यास होतो आणि पणजीत कामोंइश केंद्र आहे. एमएच्या पहिल्याच सत्रात सुरुवात करा, म्हणजे दुसऱ्या वर्षी प्रबंधासाठी मूळ कागद वाचता येतील. मोडी आणि पोर्तुगीजचे वर्ग, पुस्तके आणि शब्दकोश मिळून १५ हजार बाजूला ठेवा.

कागदपत्रे: गोव्याच्या पुराभिलेखागाराची परंपरा १५९५ पासूनची, दियोगो दो कौतो हे त्याचे पहिले रक्षक. सत्तरीतल्या पिसुर्ल्याचे पांडुरंग पिसुर्लेकर यांनी विसाव्या शतकात तिथल्याच कागदांवरून मराठे-पोर्तुगीज संबंध उलगडले. पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात बसून वाचायला पैसे पडत नाहीत. खर्च होतो तो प्रतींचा. आधी सूची पाहा, टिपणे काढा आणि लागेल तेवढ्याच पानांची प्रत मागा.

ध्वनिमुद्रण: फोन तुमच्याकडे आहेच. कॉलरचा माइक, फोनचा स्टँड आणि एक टेराबाइटची हार्ड डिस्क मिळून सात-आठ हजारांत काम भागते.

यापेक्षा मोठा खर्च वेळेचा. मये गावाचेच उदाहरण घ्या. तिथल्या जमिनी मुक्तीनंतर स्थलांतरितांची मालमत्ता ठरल्या आणि कसणाऱ्यांच्या नावावर मालकी नव्हती. २०१४ साली त्यासाठी कायदा करावा लागला. अशा गावात एखाद्या आजोबांशी तासभर बोललात, तर ते बोलणे शब्दशः उतरवायला पाच-सहा तास लागतात. आधी कशासाठी विचारतो ते सांगायचे, संमतीची सही घ्यायची, त्यांची कोकणी त्यांच्याच शब्दांत उतरवायची आणि एक प्रत घरच्यांना नेऊन द्यायची. दहा मुलाखतींचा प्रबंध म्हणजे दोन महिन्यांचे काम, हे वेळापत्रकात आधीच मांडा.

विषय दाराशी आहेत. नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा शिलालेख १६६८ मधल्या शिवाजी महाराजांच्या जीर्णोद्धाराची साक्ष देतो. त्या देवळाचे अलीकडचे जतनकाम २०२३ मध्ये पूर्ण झाले. हरवळेची लेणी, डिचोलीची नमाजगाह, हळर्ण आणि तेरेखोलचे किल्ले आहेतच. मोपाच्या विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत उड्डाणे सुरू झाली. त्या पठारावर आधी काय होते, हे सांगणारी माणसे आज हयात आहेत. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही.

दोन वर्षांचा अंदाज, फी सोडून

- प्रवास (स्कूटर): ६२ हजार
- मोडी-पोर्तुगीजचे वर्ग, पुस्तके: १५ हजार
- माइक, हार्ड डिस्क: ८ हजार
- प्रती, छपाई, गावोगावचे फिरणे: २० हजार
- एकूण: सुमारे १ लाख ५ हजार

याच्याशी परदेशाची तुलना करा. ब्रिटनमध्ये यॉर्क विद्यापीठात पब्लिक हिस्टरीचे एक वर्षाचे एमए आहे. तिकडे भारतीय विद्यार्थ्याची फी वीस हजार पौंडांच्या पुढे, राहणे महिन्याला अकराशे पौंडांच्या पुढे आणि वर्षाचा आरोग्य अधिभार ७७६ पौंड. पौंड ११० रुपयांना धरला तरी खर्च ३५ लाखांच्या पलीकडे जातो. पूर्ण शिष्यवृत्ती हातात असल्याशिवाय यासाठी घर गहाण टाकू नये.

पैसे कुठून?

- यूजीसीची पदव्युत्तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती: दहा महिने, महिन्याला १५ हजार. दरवर्षी देशभरात १० हजार जागा. नियमित अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षीच अर्ज करावा लागतो. ही मिळाली तर वरच्या दोन वर्षांच्या अंदाजातला सारा खर्च भागून पैसे उरतील.
- केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती: बारावीनंतर मिळाली असेल तर नूतनीकरण करा, पदव्युत्तर पातळीवर ती वर्षाला २० हजार होते.
- मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना: देशातील आणि परदेशातील उच्च शिक्षणासाठी. उच्च शिक्षण संचालनालयात चौकशी करा.
- गोवा शैक्षणिक विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज: बँकेत जाण्याआधी इथे विचारा. तुमचा अभ्यासक्रम यादीत बसतो याची खात्री करून घ्या.
- बँक कर्ज: चार लाखांपर्यंत सामान्यतः तारण लागत नाही.

उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि लागू असल्यास जातीचा दाखला मे महिन्याआधीच मागा. जूनमध्ये मामलेदार कार्यालयात गर्दी उसळते आणि एका दाखल्यासाठी शिष्यवृत्ती हुकते.

पुढे काय?

प्राध्यापक व्हायचे तर नेट किंवा गोव्याची सेट. नेटमधून जेआरएफ मिळाली तर पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत महिन्याला ३७ हजार. शाळेत शिकवायचे तर बीएडचा खर्च आणि वेळ आताच जोडा. पुराभिलेख, पुरातत्त्व आणि संग्रहालय खात्यांत जागा थोड्या निघतात. तिथे कोकणीचे ज्ञान आणि १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला लागतो. केवळ सरकारी जागेच्या भरवशावर कर्ज काढू नका.

अर्ज भरण्याआधी एक दिवस पुराभिलेखागारात घालवा आणि आपल्या गावाचा एखादा जुना कागद पाहायला मागा. तो वाचता यावा अशी तळमळ लागली, तर दोन वर्षे आणि लाखभर रुपये सत्कारणी लागतील. नुसती पदवीच हवी असेल, तर आधी बीएडचा विचार करा. त्यात तुमचा आणि घरच्यांचाही पैसा वाचेल.