पाल्याचा अर्क औषध केव्हा ठरतो?

शुगरची गोळी बंद करून कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड किंवा गुडमारचा पाला घेतला तर चालेल का, असे तपासणी शिबिरांत आम्हाला नेहमी विचारले जाते. वनस्पतीत गुण नसतात, असे आम्ही म्हणत नाही. मेटफॉर्मिन या गोळीचे मूळही वनस्पतीतच आहे. युरोपातल्या गॅलेगा या झुडपात साखर उतरवणारे द्रव्य सापडले, पण ते विषारी निघाले. त्याच जातीच्या रसायनांचा अभ्यास होत गेला आणि १९५७ साली फ्रान्समध्ये डॉ. जाँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिनचा रुग्णांवरील उपयोग प्रसिद्ध केला. गुण आणि विष वेगळे झाले ते तपासणीमुळे.

ही तपासणी चार पायऱ्यांनी होते.

१. ओळख : वनस्पती नेमकी कोणती, तिचे पान घेतले की बी, हे तज्ज्ञ ठरवतात. ती वाळवून पाण्यात किंवा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात. प्रत्येक वेळी अर्क सारखाच उतरला पाहिजे.

२. परीक्षानळी : पिठूळ अन्नाची साखर करणारे पाचकद्रव्य हा अर्क रोखतो का, ते पाहतात.

३. उंदीर : स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून उंदरांच्या स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करतात. मग एका गटाला अर्क, एकाला नेहमीचे औषध देतात आणि एका गटाला काहीच देत नाहीत. साखरेबरोबर यकृत व मूत्रपिंडही तपासतात.

४. माणूस : रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. कोणाला काय मिळते, हे रुग्णाला आणि डॉक्टरांना कळू देत नाहीत. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी आधी आणि नंतर करतात.

'संशोधनाने सिद्ध' अशी जाहिरात दिसली, की कितव्या पायरीवर सिद्ध झाले ते विचारा. बहुतेक दावे उंदरापाशीच थांबलेले असतात. विजयसारच्या लाकडाची भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने माणसांवर चाचणी केली. १९९८ च्या अहवालानुसार १२ आठवड्यांत ९७ पैकी ६७ जणांची साखर आटोक्यात आली. पण ते सगळे नव्यानेच निदान झालेले रुग्ण होते आणि आपण काय घेतो हे त्यांना माहीत होते. पथ्य पाळल्यानेही साखर उतरते. म्हणून एवढ्यावरून कोणी इन्सुलिन सोडू नये.

मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करण्यास १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याने मनाई आहे. अशा जाहिरातीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

आणखी एक. चाचणीसाठी कोणी वस्तीत आले, तर संमतिपत्र मराठीत मागा, वाचून घ्या, त्याची प्रत ठेवा. चाचणीची नोंदणी झाली आहे का, ते विचारा. इजा झाल्यास उपचार आणि भरपाई हा आपला हक्क आहे. नाही म्हणण्याचा आणि मध्येच बाहेर पडण्याचाही आहे.

घरी कारले, मेथी जेवणात जरूर असू द्या. काढा किंवा पूड घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, कारण गोळीबरोबर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर जाणवल्यास लगेच साखर किंवा गूळ खा. आणि गोळी स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नका.