शून्यावर रोखणारा चेंडू

क्रिकेटमध्ये एखादा फलंदाज शून्यावर बाद झाला तर कोणाला नवल वाटत नाही. पण सगळा संघच शून्यावर? बेसबॉलमध्ये असे पुष्कळदा घडते. प्रत्येक संघाला नऊ छोटे डाव मिळतात आणि तीन गडी बाद झाले की डाव संपतो. या सत्तावीस गड्यांत प्रतिपक्षाला एकही धाव करू दिली नाही, तर त्या विजयाला 'शटआउट' म्हणतात.

९ सप्टेंबर १९६५ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे डॉजर्स संघाने शिकागो कब्ज संघाला असेच १-० ने हरवले. डॉजर्सचा डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, होता सँडी कूफॅक्स. त्याच्यापुढे सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीसही बाद झाले. पहिल्या बेसपर्यंतसुद्धा कोणी पोहोचला नाही. त्यांतील चौदा जण तर चेंडू मारू न शकल्यामुळेच बाद झाले. मला वाईट वाटते ते कब्जच्या बॉब हेंडलीचे! त्याच्या चेंडूवर संपूर्ण सामन्यात एकच यशस्वी फटका बसला आणि त्यावर धाव झालीच नाही. सामन्यातील एकुलती एक धाव फटक्याविना, यष्टिरक्षकासारखे काम करणाऱ्या कॅचरच्या चुकलेल्या फेकीमुळे मिळाली होती.

आता प्रश्न असा की, हाती जाड दांडा असलेल्या कसलेल्या फलंदाजाला समोरून येणारा चेंडू मारता का येऊ नये?

थोडे गणित करू. पिचर व फलंदाज यांच्यातील अंतर १८.४४ मीटर असते. पण पिचर पुढे झुकून चेंडू सोडतो, म्हणून चेंडूला सुमारे १७ मीटरच जावे लागते. ताशी १५० किलोमीटर वेगाचा चेंडू हे अंतर ०.४ सेकंदात तोडतो. दांडा फिरवायलाच सुमारे ०.१५ सेकंद लागतात. म्हणजे निर्णयासाठी उरले पाव सेकंद! तेवढ्या वेळात चेंडू कुठे येईल याचा अंदाजच बांधावा लागतो.

हा अंदाज चुकवणे हेच पिचरचे काम. तो कधी ताशी १२० किलोमीटरचा संथ चेंडू टाकतो. त्याला ०.५ सेकंद लागतात. पडलेले अंतर = ½ × गुरुत्वत्वरण × काळाचा वर्ग, हे सूत्र तुम्हाला ठाऊक आहेच. त्यानुसार वेगवान चेंडू वाटेत ०.७८ मीटर खाली येतो, तर संथ चेंडू १.२२ मीटर. त्यात भर पडते फिरकीची. संथ चेंडूला पुढच्या दिशेने गिरकी दिली, तर त्याची शिवण भोवतालची हवा ओढून मागे वरच्या बाजूला फेकते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे चेंडू खाली ढकलला जातो. वेगवान चेंडूला उलटी गिरकी असते, म्हणून तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो. कूफॅक्सची ही दोन्ही अस्त्रे जबरदस्त होती. चेंडू हातातून सुटताना दोन्ही सारखेच दिसले, तर फलंदाजाने करायचे काय?

हे वळण म्हणजे निव्वळ दृष्टिभ्रम, असे म्हणणारेही पुष्कळ होते. ऐंशी ओलांडलेले भौतिकशास्त्रज्ञ लायमन ब्रिग्ज यांनी वातबोगद्यात फिरते चेंडू सोडून ते मोजलेच. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार ६० फुटांत चेंडू सुमारे १७ इंचांपर्यंत वळू शकतो. बेसबॉलच्या दांड्याची जाडी तीन इंचांहूनही कमी असते, हे लक्षात घ्या.

अशी फेक हाताला मात्र महाग पडते. डाव्या कोपराच्या संधिवातामुळे कूफॅक्सने १९६६ चा हंगाम संपताच, अवघ्या तिसाव्या वर्षी, खेळ सोडला.

गिरकीचा हा परिणाम घरीही पाहता येईल. वहीच्या कागदाची पाच-सहा सेंटिमीटर व्यासाची हलकी नळी चिकटवून तयार करा. टेबलावर एक फळी उतरती ठेवून तिच्यावरून नळी घरंगळू द्या. टेबलाच्या कडेवरून सुटल्यावर ती पुढे न पडता टेबलाखाली वळते. तसाच एक लाकडी रूळ सोडा आणि दोन्ही कोठे पडतात तेथे खडूने खुणा करा.