वय ओळखून गरज ओळखावी

भवानीनगर, ता. इंदापूर, जि. पुणे

चि. मुक्ता हिस,

अंगणवाडी सेविका म्हणून नव्याने रुजू झालेल्या मुलीने माणसाच्या वाढीकडे अवस्थांच्या क्रमाने पाहावे, कारण प्रत्येक अवस्थेची गरज निराळी असते आणि ती भागवण्याची मुदतही निराळी असते. श्री छत्रपती सहकारी साखर कारखान्याचा गाळीत हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, उभ्या राहतात, आणि तान्ह्या बाळापासून थकलेल्या आजीपर्यंत सगळ्या अवस्था एकाच तळावर दिसू लागतात.

पहिली अवस्था गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतची, म्हणजे सुमारे 1000 दिवसांची असून, जन्माच्या वेळचे वजन साधारण पाचव्या महिन्यात दुप्पट आणि वर्षाअखेर तिप्पट होते. या काळात पोषण अपुरे पडले किंवा जुलाब वारंवार झाले, तर वयाच्या मानाने उंची कमी राहते. यालाच खुजेपणा म्हणतात, आणि तो पुढे भरून काढणे फार अवघड असते. फुटव्याच्या वेळी ताण बसलेल्या उसाला मागाहून कितीही खत घातले तरी फड दाट होत नाही, हे नीरा डाव्या कालव्यावरच्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून पहिले सहा महिने निव्वळ आईचे दूध आणि त्यानंतर दुधाच्या जोडीला दाटसर वरचे अन्न मिळते का, तसेच आई पहाटे फडात गेल्यावर बाळाला कोण भरवते, याची चौकशी मुक्ताने आधी करावी.

मनाच्या वाढीची मुदत एवढी कडक नसते. तीन-चार वर्षांचे अबोल मूल गोष्टी, गाणी आणि खेळ मिळाले की बोलू लागू शकते, तेव्हा त्याच्यावर घाईने मंदपणाचा शिक्का मारू नये. मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी 1950 मध्ये आयुष्याच्या आठ अवस्था मांडल्या, त्यांत शाळकरी वयाचे काम ‘आपल्याला जमते’ हा विश्वास कमावणे हे आहे. कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत बसलेल्या आठ वर्षांच्या मुलीची हीच संधी हुकते, म्हणून तिला शाळेत पोहोचवणे हेही पोषणाइतकेच निकडीचे मानावे.

किशोरवयात मुलींची उंची मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षे आधी झपाट्याने वाढते आणि लोहाची गरजही वाढते. याच वयात लग्न लावले गेले, तर अर्धवट वाढलेल्या शरीरावर गरोदरपण येते, कमी वजनाचे बाळ जन्मण्याचा धोका वाढतो आणि पहिल्या अवस्थेतली उणीव पुढच्या पिढीकडे जाते. एरिक्सन यांच्या मते म्हातारपणाचे काम जगलेल्या आयुष्याचा समाधानाने स्वीकार करणे हे आहे. कोपीतल्या आजीला नातवंडाच्या आहाराची माहिती आदराने दिली, तर तिच्या अनुभवालाही मान मिळतो.

वजनकाटा काढण्यापूर्वी मुलाचे वय नक्की करावे, आणि जन्मतारीख ठाऊक नसल्यास पोळा, दिवाळी किंवा मागचा पट्टा पडला (गाळीत हंगाम संपला) त्या सुमाराची आठवण विचारून महिना ठरवावा. वयच चुकले, तर नोंदवहीतला प्रत्येक निष्कर्ष चुकतो.

शुभचिंतक,
मामा