भात उतरवायचा, तूप चढवायचं

कर्बोदकं बेताची, स्निग्ध पदार्थ जास्त आणि सगळं घरी शिजवलेलं, असा आहार सुरू करायचा म्हटलं की अ‍ॅव्होकॅडो आणि ऑलिव्ह तेलाची यादी हातात पडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गारगोटीत ती यादी घेऊन फिरण्यात अर्थ नाही. इथं स्निग्धांशाला तोटा नाही, तो घराबाहेर जातो एवढंच. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के फॅट असते, दूध संस्थेत दर मुख्यतः तिच्यावर ठरतो, म्हणून सकाळ-संध्याकाळ ती किटलीतून निघून जाते. शेंगा बाजाराला जातात. घरात उरतो भात, आणि दुधाच्या पैशातून येते साखर, खारी, बिस्किटं. ही कृती हा हिशेब थोडा उलटा फिरवण्याची.

साहित्य (एका माणसाला, एका दिवसाचं): म्हशीचं दूध, दही, ताक मिळून पाव ते अर्धा लिटर. तूप दोन चहाचे चमचे. घाण्याचं शेंगतेल दीड-दोन मोठे चमचे, फोडणीसकट. मूठभर शेंगदाणे. दोन अंडी. वाटी-दीड वाटी आमटी किंवा उसळ. पालेभाजी पोटभर, मग ती पोकळा असो, शेपू असो की अंबाडी. भाकरी दीड. भात हवाच असेल तर अर्धी भाकरी वगळून अर्धी वाटी.

कृती.

आधी मोजणी. आठवडाभर काही न बदलता फक्त बघायचं, की पीठ आणि साखर येते कुठून. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण 35 ग्रॅम कर्बोदकं असतात, वाटीभर शिजलेल्या भातात 40 च्या आसपास. दोन चमचे साखरेच्या चहात 10. दिवसाचे पाच चहा झाले की वाटीभर भातापेक्षा जास्त साखर पोटात गेली, आणि ती कुणी जेवण म्हणून मोजत नाही. आपल्याला दिवसाला 120-130 ग्रॅमपर्यंत यायचं आहे. शून्यावर नाही. शून्यावर जायला निघालेली माणसं महिन्याभरात कंटाळून पुन्हा भाताच्या परातीशी येतात.

मग चहा. एकदम बिनसाखरेचा जमत नसेल तर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत जायचं. इथं एक पळवाट सगळ्यांना सुचते, ती म्हणजे गूळ. कोल्हापूरचा गूळ नावाजलेला आहे, 2014 साली त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण साखरेच्या हिशेबात तो साखरच. पाटगावचा मध अस्सल असला तरी तोही त्याच खात्यात. चमचाभर चवीला घ्या, औषध म्हणून वाटी पुढं करू नका.

आता तूप, आणि इथं घाई नको. घरची म्हैस असेल तर रोजचं एक लिटर मागे ठेवायचं. दूध मंद आचेवर तापवायचं, जाळी झाकून निवू द्यायचं, मग गार जागी. सकाळी वर जी जाड साय धरते ती एका गंजात काढायची आणि पहिल्याच दिवशी त्यात चमचाभर विरजण घालायचं. पाच-सहा दिवस साय फ्रीजमध्ये साठली की रात्रभर बाहेर ठेवून सकाळी रवीनं घुसळायचं. उन्हाळ्यात गार पाणी, थंडीत कोमट, नाहीतर लोणी धरत नाही. लोण्याचा गोळा पाणी नितळ येईपर्यंत धुवायचा, आंबट वास त्यानंच जातो. मग जाड बुडाच्या पातेल्यात कढवायचं. सुरुवातीला चुरचुर आवाज येतो, तो पाण्याचा. आवाज थांबला, फेस पातळ झाला आणि तळाची बेरी बदामी दिसली की लगेच आच बंद. त्याच वेळी विड्याचं पान टाकायचं. बेरी फेकायची नाही. साखर घालून ती मुलांना देतात. आपण मीठ-जिरं घालून भाकरीच्या पिठात मळायची. आणि घुसळताना निघालेलं ताक हा दुपारच्या जेवणाचा अर्धा आधार.

तूप आलं म्हणून ते भाताच्या ढिगावर ओतायचं नाही. सगळी गंमत इथंच बिघडते. स्निग्ध पदार्थ पिठाच्या जागी यायला हवेत, पिठाच्या डोक्यावर नव्हे. ग्रॅमला ग्रॅम त्यांची ऊर्जा पिठाच्या दुपटीहून जास्त, म्हणजे दोन्ही ठेवले तर पोट सुटणारच.

ताट वाढताना क्रम बदलायचा. आधी पालेभाजी, चटणी, उसळ, दही. भाकरी नंतर. नाचणीची की ज्वारीची, यावर फार वाद घालू नये, दोन्हींत कर्बोदकं जवळपास सारखीच. नाचणीत कॅल्शियम भरपूर, एवढा तिचा वरचष्मा. शेंगदाण्याची चटणी मात्र चिमटीनं नाही, दोन मोठे चमचे घ्यायची. दही घातलेला खर्डा, कारळ्याची चटणी, तिळकूट ही तोंडी लावणी आपण उगाच कोपऱ्यात बसवली आहेत. शेंगदाण्यात 45 टक्क्यांच्या आसपास तेल असतं, तिळात त्याहून जास्त, सुक्या खोबऱ्यात साठच्या पुढं. ज्याची भाताची आवड सुटत नसेल त्यानं रोजचा मोठा ढीग सोडून रविवारी अर्धी वाटी आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात खावा. वासानंच मन भरतं.

संध्याकाळची भूक ही खरी परीक्षा. बसस्टँडवरच्या गाडीवरून भजी-वडा घेण्याआधी खिशात भाजलेल्या शेंगा असू द्याव्यात. काजूपेक्षा शेंगदाणा बरा. काजू इथल्या डोंगरात पिकतो, पण त्यात कर्बोदकं शेंगदाण्यापेक्षा बरीच जास्त, आणि तो मुठीनं संपतो. सोबत पेरू किंवा काकडी. आणि पुन्हापुन्हा तापलेल्या कढईतलं तेल हे स्निग्धांशाच्या हिशेबात धरायचं नाही.

कुणासाठी नाही, तेही सांगायला हवं. जुलैत चिखलणीत उभा राहणारा, दिवसभर रोप लावणारा माणूस तीन भाकऱ्या खाईल आणि त्याला त्या लागतात. ही कृती खुर्चीवर, दुकानात, स्कूटरवर दिवस घालवणाऱ्यांची. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भात कमी करण्याआधी डॉक्टरांना गाठायचं, कारण औषध तेच ठेवून पीठ उतरवलं तर साखर एकदम खाली जाते, घाम सुटून माणूस कोसळू शकतो. मूत्रपिंडाचा किंवा पित्ताशयाचा त्रास असणाऱ्यांनीही विचारूनच. बाकीच्यांनी सुरुवातीला आणि तीन महिन्यांनी रक्तातली चरबी तपासून घ्यावी. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, चढलं असेल तर साय-तूप निम्म्यावर आणून शेंगदाणा, तीळ, मासे वाढवायचे. तुपाला देव मानणारे इथं रुसतात, पण कागदावरचा आकडा रुसवा बघत नाही.

राहिली जत्रा आणि म्हाई, म्हणजे मटणाची पंगत. तिथं हा आहार उलट सोपा जातो. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध, तीळ, खसखस, तांबड्यावर कट, सुक्यात मटण. दोन वाट्या पांढरा आधी प्यायचा, मग सुकं, कांदा-लिंबू, एक भाकरी. वाढपी भाताचं पातेलं घेऊन आला की ताटावर हात आडवा धरायचा, आणि तो ‘थोडा तरी’ म्हणाला तर रस्साच आणखी मागायचा.