टिपस्टर पारखायचा कसा?

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर टिपस्टरची ओळख एकाच वाक्यात करून दिली जाते: ‘गेल्या आठवड्यात याचे चार घोडे लागले.’ त्याआधीच्या दोन वर्षांत किती लागले, हे कुणी विचारत नाही. तेच तपासण्याची ही कृती. ती मी घोड्यांपुरतीच ठेवतो. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आणि परवाना असलेल्या रेसकोर्सवर पैज लावणं कायद्यात बसतं. क्रिकेटचा सट्टा बसत नाही, त्याच्या टिपस्टरांच्या वाटेलाच जाऊ नका.

आधी एक वही आखा. तारीख, शर्यतीचा क्रमांक, घोडा, विन (पहिला येणार) की प्लेस (पहिल्या काहींत येणार), टीप मिळाली तेव्हाचा भाव, शर्यत सुटतानाचा भाव, निकाल. नोंद शर्यतीच्या आधी झाली पाहिजे. टीप मोबाइलच्या ग्रुपवर आली असेल तर लगेच स्क्रीनशॉट घ्या, कारण हरलेल्या टिपा रातोरात पुसल्या जातात. वर्तमानपत्रात छापून येणारी सिलेक्शन्स तपासायला सगळ्यांत सोयीची. छापलेलं पुसता येत नाही. खिशातला पैसा या काळात खिशातच राहू द्या.

प्रत्येक टिपेवर कागदावर 100 रुपये धरा. ‘आज डबल लावा’ असा निरोप आला तरी 100च. रक्कम वरखाली केली की हरलेले दिवस एका मोठ्या जिंकण्याखाली झाकले जातात. शेजारी आणखी एक रकाना ठेवा: त्याच शर्यतीतल्या फेव्हरिटवर, म्हणजे सर्वांत कमी भावाच्या घोड्यावर, 100 लावले असते तर काय झालं असतं? टिपस्टर त्याच्याही मागे पडत असेल तर विषय तिथेच संपला.

किती टिपा लागल्या, एवढ्यावर जाऊ नका. एकाच्या 100 पैकी 50 लागल्या, पण भाव 4/5 होता, म्हणजे 100 लावले की मुद्दलासह 180 परत. हातात आले 9,000, हजाराचा तोटा. दुसऱ्याच्या 30च लागल्या, पण 3/1 ने, म्हणजे 100 चे मुद्दलासह 400. त्याचे 12,000 झाले.

आता खरी पारख. समजा, टिपस्टरला काहीही कळत नाही. तो नेहमी 3/1 चे घोडे देतो आणि ते चारांत एकदा जिंकतात. त्याच्या शेवटच्या दहा टिपांपैकी पाच किंवा जास्त लागण्याची शक्यता जवळपास 8 टक्के असते. असे 50 जण टिपा देत असतील, तर केव्हाही पाहा, चौघांचा फॉर्म झळाळताना दिसणारच. आणि आपल्या कानावर नावं येतात ती या चौघांचीच. ब्रिटनमध्ये 2008 साली जादूगार डेरेन ब्राउन याने दूरचित्रवाणीवर हे करूनच दाखवलं. 7,776 लोकांना सहा गटांत वेगवेगळे घोडे सांगायचे, ज्यांचा लागला त्यांनाच पुढची टीप द्यायची. पाच शर्यतींनंतर एक व्यक्ती उरली, जिच्या लेखी या टिपा कधीच चुकल्या नव्हत्या.

100 टिपांनीही भागत नाही. याच अनाडी माणसाच्या 100 पैकी 16 ते 34 टिपा निव्वळ नशिबाने लागू शकतात. म्हणजे 36 टक्के तोट्यापासून 36 टक्के फायद्यापर्यंत काहीही. 1,000 टिपा झाल्या की हा पट्टा दोन्ही बाजूंना साधारण 11 टक्क्यांवर येतो. मत बनवायचं तर तिथे बनवा. उलट बाजूही ध्यानात ठेवा: चारांत एक लागणाऱ्याच्या 1,000 टिपांत सलग 19-20 हरण्याची रांग येणं अगदी स्वाभाविक आहे. सलग बारा हरले म्हणून माणूस बिघडला असं होत नाही.

मग ताज्या फॉर्मला काहीच अर्थ नाही का? आहे, पण तो भावाच्या रकान्यात शोधा. 5/1 ला दिलेले घोडे वारंवार 3/1 ने सुटत असतील, तर टिपस्टरला बाजाराआधी काही कळतं. ही खूण निकालांपेक्षा खूप लवकर दिसते, आणि ती अलीकडे नाहीशी झाली असेल तर ती खरी घसरण. मात्र ग्रुप मोठा असेल तर टीपच भाव पाडते. तुम्हाला स्वतःला जो भाव मिळाला असता तोच लिहा. पुणे आणि मुंबईचे हिशेबही वेगळे काढा. पुण्याचा हंगाम पावसाळ्यातला, धावपट्टीचा मऊपणा मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा वर गेला की मऊ मातीत वेगळेच घोडे पळतात.

शेवटी कर मांडा, कारण टिपस्टर तो कधीच मांडत नाही. पैजेच्या पूर्ण रकमेवरचा जीएसटी आधी 28 टक्के होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के झाला. 100 च्या पैजेला 140 पडले, तर 3/1 च्या भावाने नुसतं बरोबरीत राहायला 100 पैकी 35 टिपा लागल्या पाहिजेत, 25 नव्हे. वर जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर, आणि त्यातून हरलेले पैसे वजा होत नाहीत. 1,000 टिपांवर हे गणित पार करणारा टिपस्टर सापडेपर्यंत वही चालू ठेवा, पैज नको.