नुसतं उभं राहायचं, तरी जपून

“उभंच तर राहायचंय, त्यात काय बिघडणार?” चीगाँग या चिनी व्यायाम-ध्यानपद्धतीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं बीजिंगला होते, तिथे झान झुआंग शिकले आणि आजही करते, म्हणून ओळखीपाळखीतले लोक विचारतात. झान झुआंग ही चीगाँगमधली उभ्याने करायची ध्यानसाधना. पाय खांद्यांइतक्या अंतरावर, गुडघे किंचित सैल, हात छातीसमोर गोलाकार, आणि मग स्थिर राहायचं. वरवर पाहता यात बिघडण्यासारखं काहीच नाही. पण बिघडतं, आणि ते मी माझ्या आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या बाबतीत पाहिलं आहे.

माझी सुरुवात तिएनतान उद्यानात झाली, ज्याला पर्यटक टेंपल ऑफ हेवन म्हणून ओळखतात. तिथे शेकडो वर्षांचे सायप्रस वृक्ष आहेत आणि सकाळी त्यांच्याखाली निवृत्त मंडळींचे घोळके जमतात. कुठे ताई ची, कुठे स्पीकरवर संगीत लावून बा दुआन जिन हा चीगाँगचा व्यायाम, कुणी झाडाच्या बुंध्यावर पाठ आपटत असतं. तिथे सत्तरीच्या एक आजी चार-पाच जणांना उभं राहायला शिकवायच्या, पैसे न घेता. बोलायच्या कमी, बोटांनी जास्त सांगायच्या. मागून येऊन गुडघ्यामागच्या लवणीत दोन बोटं टेकवायच्या. शीर ताठ लागली की हलकेच दाबायच्या आणि गुडघा ढिला पडायचा. मग काखेत तळहात सरकवून पाहायच्या, तिथे मूठभर पोकळी आहे ना. शेवटी दोन्ही खांद्यांवर नुसते हात ठेवायच्या. खांदे किती वर चढले होते ते तेव्हा समजायचं. मी पुण्यात अय्यंगार पद्धतीचं ताडासन शिकलेली, गुडघ्याच्या वाट्या वर ओढून घेण्याची पायांना सवय. इथे नेमकं उलटं हवं होतं. आजी चार-पाच मिनिटांत थांबवायच्या, आणखी उभं राहावंसं वाटत असतानाच.

थंडी कडक झाली, धुरकं वाढलं आणि आजींची सकाळ बंद पडली. मग एका सहकाऱ्याबरोबर ऑफिसजवळच्या बंदिस्त वर्गात जाऊ लागले. तिथले शिक्षक नावाजलेले होते आणि त्यांचा सगळा भर ‘ची’, म्हणजे शरीरातली प्राणशक्ती, लवकर जागवण्यावर होता. लक्ष दोन भुवयांच्या मध्ये ठेवायचं, श्वास आत घेऊन रोखायचा, पाय कितीही लटपटले तरी जागा सोडायची नाही. अंगात कंप, उष्णता, मुंग्या, जे काही जाणवेल ते वर्गात सर्वांसमोर सांगायचं, आणि ज्याला जास्त जाणवेल त्याचं कौतुक. एका संध्याकाळी माझ्या डावीकडचे गृहस्थ उभ्याउभ्या पांढरेफटक पडले आणि खाली कोसळले. हनुवटी फुटली. त्यांना उचलायला आम्ही पुढे झालो तर शिक्षकांनी हाताने थांबवलं; अडलेली ची मोकळी होते आहे, असं म्हणाले. ते गृहस्थ रक्तदाबाच्या गोळ्या घेत होते हे आम्हाला नंतर कळलं. वर्गात ते कुणी विचारलेलंच नव्हतं.

याच सुमारास माझी झोप गेली. कपाळावर घट्ट पट्टी आवळल्यासारखं दिवसभर वाटे, रात्री पाठ टेकली की छातीत धडधड. डॉक्टरांनी तपासलं तेव्हा रक्तदाब नेहमीपेक्षा बराच वर होता. त्यांनी सगळा प्रकार शांतपणे ऐकून घेतला आणि आधी श्वास रोखणं बंद करायला सांगितलं. वसंतात बागेत गेले तेव्हा आजींनी चेहरा पाहूनच विचारलं, “कुणाकडे गेली होतीस?” मग काही आठवडे त्यांनी मला उभं राहू दिलं नाही. रोज सायप्रसच्या रांगेतून सावकाश चालायला लावलं, लक्ष तळपायांवर ठेवून. झोप हळूहळू परत आली.

साधनेतून होणाऱ्या अशा त्रासाची चीनमध्ये कुणाला नवलाई वाटली नाही, कारण त्यामागे तिथला इतिहास आहे. ‘चीगाँग’ या नावाखाली जुन्या व्यायामांची उपचारपद्धती म्हणून बांधणी झाली ती १९५० च्या दशकात. लिऊ ग्वेझेन यांनी हपेई प्रांतात त्यासाठी आरोग्यधाम चालवलं. व्यायाम मात्र फार पुरातन. छांगशाजवळच्या मावांगत्वेई इथल्या थडग्यात १९७३ मध्ये रेशमावरचं एक चित्र सापडलं, त्यात चाळीसहून अधिक स्त्रीपुरुष असेच व्यायाम करताना दिसतात. ते थडगं इसवी सनपूर्व १६८ मधलं आहे. उभ्या साधनेला आजचं रूप देण्यात वांग श्यांगझाय (१८८५–१९६३) या युद्धकला-आचार्यांचा मोठा वाटा. पुढे १९८० च्या दशकात देशभर चीगाँगची लाट आली. मैदानं भरू लागली, दुर्धर रोग बरे करण्याचे दावे होऊ लागले, आणि त्याच काळात साधनेच्या अतिरेकाने भ्रम झालेले, घाबरेघुबरे झालेले लोक मनोविकाराच्या दवाखान्यांत येऊ लागले. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ च्या आपल्या मनोविकारांच्या सूचीत या विकाराची नोंद केली. २००३ मध्ये चीनच्या क्रीडा प्रशासनाच्या पुढाकाराने बा दुआन जिन, वू छिन शी, यी जिन जिंग आणि लिऊ झी जुए असे चार प्रकार प्रमाणित करून लोकांसमोर ठेवले गेले. नवख्याने यांतल्या बा दुआन जिनपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. त्यात हालचाल आहे, आठच क्रिया आहेत आणि शरीर सावध राहतं.

तरीही उभंच राहायचं असेल, तर हे नीट समजून घ्या. माणूस स्थिर उभा राहिला की रक्त पायांत साठू लागतं. चालताना पोटऱ्यांचे स्नायू ते वर ढकलतात. स्तब्ध उभं राहिल्यावर ते काम मंदावतं आणि मेंदूकडे रक्त कमी जाऊ लागतं. झेंडावंदनाला उन्हात सावधान उभी असलेली मुलं कोसळतात ती यामुळेच. म्हणून गुडघा मागे ताठ ढकलायचा नाही, आणि जास्त वाकवायचाही नाही. तो पायाच्या बोटांपुढे गेला की वाटीवर भार येतो. वजन तळव्यावर सगळीकडे सारखं. कंबर आत खेचू नका, माकडहाड सरळ खाली सोडा. कोपर मनगटापेक्षा खाली. जीभ टाळूला हलकी टेकलेली. डोळे अर्धे उघडे ठेवा, निदान सुरुवातीला. मिटले की तोल जातो आणि मन भलतीकडे भटकतं. श्वास जसा चालतो तसा चालू द्या. आपल्याकडे प्राणायाम केलेले लोक इथे हटकून कुंभक घालतात. तो घालू नका. लक्ष नाभीखाली तीन बोटांवर, नाहीतर तळपायांवर ठेवावं, कपाळात कधीही नको.

पहिले काही आठवडे तीन ते पाच मिनिटं पुरे. मांड्या थरथरतात, ते थकलेल्या स्नायूंचं काम आहे, त्यात गूढ काही नाही. थरथरणं वाढलं तर हात खाली घ्या, थोडं चाला. वेळ वाढवायची तर महिन्याकाठी एखाद-दोन मिनिटांनी, आणि ज्या दिवशी झोप झालेली नाही, ताप आहे, पोट रिकामं आहे किंवा नुकतंच जेवण झालं आहे, त्या दिवशी नाही. थांबताना झटकन वळून कामाला लागू नका. दोन्ही तळहात पोटावर ठेवायचे, दोन-तीन श्वास, मग हात एकमेकांवर चोळायचे, चेहऱ्यावरून फिरवायचे आणि खोलीत एक फेरी मारायची. हा शेवट पुष्कळजण गाळतात आणि मग अंग जड झालं म्हणून तक्रार करतात.

रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, मधुमेहाने तळव्यांची जाणीव कमी झाली असेल किंवा दिवस गेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि खुर्चीची पाठ हाताशी ठेवून उभे राहा. डॉक्टरांशिवाय दुसऱ्या कुणाच्याही सांगण्यावरून गोळ्या बंद करू नका. पूर्वी कधी भ्रम झाला असेल, घरात कुणाला तसा आजार असेल, तर दीर्घ ध्यानापेक्षा बा दुआन जिन आणि रोजचं चालणं अधिक सुरक्षित. आणि साधना सुरू केल्यावर झोप उडाली किंवा डोक्यात सतत दाब राहिला, तर साधना त्याच दिवशी थांबवायची आणि घरच्यांना सांगायचं. भरपेट जेवण, माणसांशी बोलणं, हातांनी करायची घरकामं, पायी फिरणं, एवढ्याने पुष्कळांना आराम पडतो. आठवड्याभरात उतार पडला नाही तर डॉक्टरांकडे जायचं. आवाज ऐकू येत असतील, कुणी बोलावतंय किंवा पाठलाग करतंय असं वाटत असेल, तर तेवढीही वाट पाहू नका, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठा आणि चीगाँग करत होतो हे त्यांना आवर्जून सांगा.