भाडे थकले, नोटीस कशी द्यावी?

वडिलोपार्जित दोन-चार गाळे असलेले आपले कित्येक बांधव भाडे थकले की आजही महिन्याची नोटीस धाडतात. तो हिशेब 1947 च्या मुंबई भाडे कायद्याचा. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 अमलात आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे लेखी नोटीस बजावल्यापासून 90 दिवस उलटल्याखेरीज थकबाकीसाठी ताब्याचा दावा लावता येत नाही. दिवस मोजायचे ते नोटीस पोचल्यापासून. म्हणून पोचपावती जपावी.

दावा लागला तरी समन्स बजावल्यापासून 90 दिवसांत भाडेकरूने थकबाकी, त्यावर दरसाल 15 टक्के सरळव्याज कोर्टात भरले, पुढेही नियमित भाडे भरले आणि दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीपोटी ताबा मिळत नाही. हे व्याज घ्यावे काय, ते मुफ्तीसाहेबांना विचारावे. आम्ही फतवा देत नाही. मात्र तंगीतल्या कर्जदाराला मुदत देण्याचा हुकूम सूरह बकराच्या आयत 280 मध्ये आहे, हे ध्यानी असावे.

रागाने वीज-पाणी तोडू नये. कलम 29 ने ते मना आहे. आणि गाळ्यात बसणाऱ्या कारागिरांनो, दर महिन्याची भाडेपावती मागून घ्या. ती देणे मालकावर बंधनकारक आहे.